उसाच्या ट्रॉलीला टायर आणि डिस्क घेण्याआधी

दसरा जवळ आला की ऊसपट्ट्यातल्या टायरच्या दुकानांत एक वाक्य दिवसभर ऐकू येतं: "नऊशे-वीस द्या, दोन नग." भाव ठरतो, टायर ट्रॉलीत पडतात, गावातला पंक्चरवाला ते चढवून देतो. मग गाळप ऐन भरात असताना, रात्री कारखान्याच्या वाटेवर, तीच ट्रॉली एका बाजूला कलून उभी असते आणि माणसं मोळ्या दुसऱ्या ट्रॉलीत भरत असतात. टायरचं माप बरोबरच होतं. चुकलं ते मापाच्या पुढचं.

ट्रकचं बरं असतं. कोणता टायर, कोणती डिस्क, किती हवा, हे कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. आपल्या बऱ्याच ट्रॉल्या मात्र तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये बनतात. ॲक्सल एका जुन्या ट्रकचा, हब (ज्यावर चाक बोल्टनं बसतं तो भाग) दुसऱ्याचा, डिस्क (टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक) भंगारातून निवडलेल्या. अशा ट्रॉलीला कंपनीचं पुस्तक नसतं. म्हणून टायर, ट्यूब, रिम, नट, हब आणि वर पडणारं वजन हे सगळं एकमेकांशी जुळतंय का, हे मालकानंच मोजून बघावं लागतं. मोजायला टेप, सरळ पट्टी, ओलं फडकं आणि अर्धा तास पुरतो.

टायरच्या कुशीवर काय लिहिलंय

जुना टायर ओल्या फडक्यानं पुसा. मातीखालून अक्षरं वर येतात. सगळ्यात मोठं माप असतं: ९.००-२०, १०.००-२०, ९.००-१६ किंवा ७.५०-१६. बोलताना आपण त्याला नऊशे-वीस, हजार-वीस म्हणतो. पहिला आकडा टायरची रुंदी, साधारण इंचांत. दुसरा आकडा रिमचा व्यास, तोही इंचांत. मधे आडवी रेघ असेल तर तो तिरक्या थरांचा, म्हणजे बाजारात ज्याला नायलॉन टायर म्हणतात तो. रेघेच्या जागी इंग्रजी 'आर' असेल तर रेडियल. एकाच ॲक्सलवर एकीकडे नायलॉन आणि दुसरीकडे रेडियल लावू नका. वजनाखाली दोघांच्या कुशी सारख्या दबत नाहीत. ट्रॉली एकीकडे ओढते आणि त्यातला एक टायर लवकर झिजतो.

आता प्लाय रेटिंग. '१६ पीआर' लिहिलं म्हणजे आत सोळा थर आहेत असं नाही. पूर्वी टायरचे थर सुती दोऱ्याचे असत, तेव्हाची ही ताकद मोजायची पद्धत. आजच्या नायलॉनचे कमी थरही तेवढी ताकद देतात, पण मोजमाप जुनंच राहिलंय. आणि फसगत होते ती नेमकी इथंच.

७.५०-१६ चं उदाहरण घ्या. याच मापाचा टायर मोठ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला येतो. तो बहुतेक ८ पीआर असतो, त्याच्यावर उभ्या ठळक धारा असतात आणि कुशीवर 'एफ-२' असा शिक्का असतो. याच मापाचा टायर मालवाहू टेम्पोलाही येतो, तो १६ पीआर. दोन्ही एकाच रिमवर बसतात. हवा भरली की दुरून सारखेच दिसतात. पण पहिला टायर ट्रॅक्टरचं तोंड पेलायला आणि शेतात वळायला बनवलाय, दुसरा टनावारी माल वाहायला. स्वस्त पडतो म्हणून पहिला ट्रॉलीला लावला तर काही खेपा तो चालतोही. मग एक दिवस कुशीवर अंड्याएवढा फुगा येतो. आतले दोरे तुटल्याची ती खूण आहे. असा टायर दुरुस्त होत नाही, तिथल्या तिथं उतरवायचा.

मापाच्या पुढे '१४६/१४३ के' असं काही लिहिलेलं सापडेल. हा भार-अंक आणि वेगाचं अक्षर. पहिला अंक एकेरी चाकासाठी, दुसरा ट्रकच्या मागच्या जोडचाकांसाठी. ट्रॉलीच्या ॲक्सलला एका बाजूला एकच चाक असतं, म्हणून पहिला बघायचा. हे अंक म्हणजे किलो नव्हेत, त्यांचा ठरलेला तक्ता आहे. १३० म्हणजे १,९०० किलो, १३५ म्हणजे २,१८०, १४० म्हणजे २,५००, १४६ म्हणजे ३,००० आणि १५० म्हणजे ३,३५०. अक्षरांत 'ए६' म्हणजे ताशी ३० किलोमीटर, 'ए८' म्हणजे ४०, 'एफ' म्हणजे ८०, 'जे' म्हणजे १०० आणि 'के' म्हणजे ११०. शेती अवजारांच्या टायरवर 'ए' मालिकेतली अक्षरं असतात. भरल्या ट्रॉलीच्या वेगाला ते पुरतात. पण तोच टायर रिकाम्या परतीच्या खेपेला डांबरी रस्त्यावर पळवला तर तापतो.

शेवटी लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधा. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा, जूनची सुरुवात. ही टायर बनल्याची तारीख. दुकानात नवा म्हणून उभा असलेला टायर तीन-चार वर्षांपूर्वीचा निघाला आणि तो दारात उन्हात ठेवलेला असेल तर घेऊ नका. न वापरताही रबर कडक होतं. कुशीला अंगठ्यानं दाबून वाकवा. बारीक भेगांचं जाळं दिसलं तर टायर उन्हानं खाल्लाय.

नक्षीबद्दल थोडक्यात. ट्रॉलीचं चाक स्वतः ओढत नाही, ओढलं जातं. त्याला खोल आडव्या दात्यांचा टायर कशाला हवा? उभ्या धारांचा टायर हलका फिरतो आणि ट्रॅक्टरला कमी डिझेल लागतं.

वजन काट्यावर ठरतं

"आमची ट्रॉली दहा टनांची" हे बोलण्यापुरतं ठीक आहे. टायर घेताना कारखान्याच्या काट्याची पावती हातात घ्या. मागच्या हंगामातली सगळ्यात जड खेप शोधा, सरासरी नको. पावतीवर ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या एकत्र असतील तर एकदा खासगी काट्यावर थोडे पैसे मोजा आणि ट्रॉली सुटी करून वजन घ्या. जमलं तर फक्त पुढचा ॲक्सल काट्यावर ठेवून एक आकडा घ्या, मग फक्त मागचा. चारचाकी ट्रॉलीत दोन्ही ॲक्सलवर सारखं वजन क्वचितच येतं.

समजा रिकामी ट्रॉली २ टन आणि ऊस ८ टन, एकूण १०. चार चाकांवर सारखं वाटलं तर प्रत्येकी २,५०० किलो. भार-अंक १४० चा टायर कागदावर बरोबर बसतो. पण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डावीकडची चाकं जास्त उचलतात. मागं मोळ्या उंच रचल्या की मागचा ॲक्सल जास्त उचलतो. खड्ड्यातून बाहेर येताना एकाच चाकावर क्षणभर दीडपट भार येतो. म्हणून अशा ट्रॉलीला ३,००० किलोचा, म्हणजे १४६ अंकाचा टायर योग्य. तीच ट्रॉली १४ टनांवर नेलीत तर सपाट रस्त्यावर उभ्यानंच चाकामागे ३,५०० किलो येतात. मग दुकानातला कोणताही हजार-वीस घ्या, तुम्ही त्याच्या मर्यादेच्या बाहेर असता.

इथं कुणी म्हणेल, आमच्याकडे वर्षानुवर्षं जास्त भरतात आणि टायर चालतात. त्याचं कारण आहे. १४६ चा ३,००० किलो हा आकडा त्या टायरच्या पूर्ण वेगाचा असतो. ताशी २०-२५ च्या चालीत टायर कमी तापतो, म्हणून कंपन्यांच्या तक्त्यात कमी वेगाला काही टक्के जास्त भार मान्य असतो. मात्र त्या तक्त्यात हवाही वाढवून दिलेली असते. आपल्याकडे भार वाढतो आणि हवा तेवढीच राहते, किंबहुना कमीच असते. ती सवलत मग तुमच्या टायरला लागू होत नाही.

टायरवर पूर्ण भार आणि त्यासाठीची हवा कंपनीनंच कोरलेली असते. १६ पीआरच्या ट्रक टायरला ती १०० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) पुढे असते. पंक्चरच्या दुकानातल्या छोट्या कॉम्प्रेसरची टाकी नीट भरलेली नसेल तर ती ७०-८० वर थांबते आणि "कडक झाला" असं सांगून नळी काढली जाते. पायानं ठोकून किंवा हातोडीच्या आवाजावरून ७५ आणि ११० यांतला फरक कळत नाही. स्वतःचा गेज घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. चाल झाल्यावर तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. कमी हवेत प्रत्येक फेऱ्याला कुशी दुमडते आणि उलगडते, त्या घासणीनं आतून उष्णता वाढते आणि थर एकमेकांपासून सुटतात. फुटलेल्या टायरचा दोष पुष्कळदा कंपनीवर जातो, पण खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

डिस्क मोजायची कशी

बाजारात सगळ्या लोखंडी चाकालाच डिस्क म्हणतात. तिचे भाग दोन. टायर ज्यावर बसतो ती बाहेरची गोल रिम आणि भोकं असलेली मधली ताटली. दोन्हींची मापं वेगळी घ्यावी लागतात.

रिमची रुंदी टायरला जुळली पाहिजे. ७.५०-१६ ला ६.००जी, ९.००-१६ ला ६.५०एच, ८.२५-२० ला ६.५, ९.००-२० ला ७.० आणि १०.००-२० ला ७.५ इंच ही नेमकी मापं. बहुतेक डिस्कवर वालच्या भोकाजवळ हे माप ठोकलेलं असतं. गंज आला असेल तर वायर ब्रशनं घासा. मोजायचीच झाली तर दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. बाहेरून बाहेर मोजलं तर इंचभर जास्त येतं आणि चुकीची डिस्क बरोबर वाटते. अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, पण त्याची पाठ फुगीर होते, मधली नक्षी आधी झिजते आणि वळणावर टायर डोलतो.

पुढचं भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी. सगळ्या बोल्टच्या मधोमध जाणारं वर्तुळ कल्पा, त्याचा व्यास. ६, ८ किंवा १० भोकं असतील तर समोरासमोरची दोन भोकं घ्या. एकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं की मध्य ते मध्य अंतर आपोआप मिळतं, भोकाचा मध्य अंदाजानं धरावा लागत नाही. हब मधे आल्यामुळे समोरासमोर मोजता येत नसेल तर शेजारच्या दोन बोल्टांचं मध्य ते मध्य अंतर घ्या आणि गुणा. ५ बोल्टांना १.७०१ नं, ६ ना २ नं, ८ ना २.६१३ नं आणि १० ना ३.२३६ नं. ट्रकच्या १० भोकांच्या डिस्कला ३३५ मिमी आणि ८ भोकांच्या डिस्कला २७५ मिमी ही मापं सर्रास आढळतात. शेजारच्या बोल्टांत १०३.५ मिमी आलं आणि बोल्ट १० असतील तर तुमचा हब ३३५ चा. दोन-तीन मिमीचा फरक "ठोकून बसतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ठोकून बसलेली डिस्क बोल्टांना कायम एका बाजूला ढकलत राहते आणि बोल्ट मुळाशी तुटतात.

मधलं मोठं भोक हबच्या गळ्यावर बसतं. काही हबांत चाकाचं केंद्र याच गळ्यावर ठरतं आणि नट फक्त दाबून धरतात. तिथं भोक मोठं असलं की चाक लोंबतं. काही हबांत नटाच्या कोनावर केंद्र ठरतं. म्हणून नटाची बैठकही बघायची. नटाचं टोक शंकूसारखं उतरतं आहे, वाटीसारखं गोल आहे, की सपाट असून त्याला चकती आहे? डिस्कचं भोक त्याच आकाराचं हवं. याची एक सोपी चाचणी आहे. नटाच्या उतारावर बोटानं दिव्याची काजळी किंवा ग्रीसचा पातळ थर लावा, डिस्क चढवून नट हातानं घट्ट करा आणि काढा. भोकाच्या काठावर पूर्ण गोल काळी कडी उमटली तर बैठक जुळली. अर्धवर्तुळ किंवा दोन ठिपके उमटले तर नट दोन बिंदूंवर टेकतोय. असा नट कितीही आवळला तरी सैल होणार.

शेवटचं माप खोलीचं. डिस्क पालथी ठेवा, रिमच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत मोजा. जुनी आणि नवी दोन्ही मोजा. नवी डिस्क टायरला जास्त बाहेर ढकलत असेल तर बेअरिंगवर तरफेचा जोर येतो आणि बाहेरचं बेअरिंग आधी जातं. आत ओढत असेल तर टायर पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) किंवा हौद्याला घासतो. टायर मोठ्या मापाचा घेणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. नऊशे-वीसच्या जागी हजार-वीस घातला की व्यास साधारण साडेतीन सेंमीनं वाढतो. चारचाकी ट्रॉलीत पुढचा ॲक्सल टर्नटेबलवर फिरतो. सरळ चालताना जागा भरपूर दिसते, पण पूर्ण वळवल्यावर टायरचा खांदा हौद्याच्या तळाला लागतो. नवं चाक बसवल्यावर ट्रॉली रिकामी असतानाच दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आणि भरल्यावर पाटे दबतात हे धरून चार बोटं जागा उरते का ते बघा. फक्त मागचे टायर मोठे केले तर ट्रॉलीचा तोल पुढे झुकतो, हेही ध्यानात ठेवा.

जुनी डिस्क घेताना रंगावर जाऊ नका. ताजा रंग म्हणजे आधी खरवडून बघायची जागा. दोन बोल्टभोकांच्या मधे आणि हात घालायच्या मोठ्या भोकांच्या कडेला केसासारखी तांबूस रेघ शोधा. भेगेतून पाणी आत जातं आणि गंज बाहेर झिरपतो, म्हणून भेग दिसण्याआधी ती तांबूस रेघ दिसते. बोल्टभोकं लांबट झालेली असतील तर ती डिस्क सैल नटांवर चाललेली आहे. या दोन्ही खुणांची डिस्क भंगारातच जावी. वेल्डिंग करून ती परत लावू नका. आणि टायर चढलेला असताना डिस्कला वेल्डिंग कधीच नको, हवा सोडलेली असली तरी. तापलेल्या रबरातून आत ज्वालाग्राही वायू साठतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. यात माणसं गेली आहेत.

कडीवाली रिम

वीस इंची ट्यूबवाल्या टायरची रिम बहुधा एकसंध नसते. एका बाजूची कड सुटी असते आणि तिला धरून ठेवायला लॉक रिंग, म्हणजे कडी, असते. १६ इंचीमध्येही सुट्या कडीच्या रिमा येतात. १०० पीएसआय हवा भरल्यावर टायर त्या कडीला काही टनांच्या जोरानं बाहेर ढकलत असतो. कडी खाचेत नीट बसलेली नसेल तर ती उडते, आणि समोर असलेला माणूस वाचत नाही.

म्हणून चाक ट्रॉलीवरून उतरवण्याआधीच वालमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. तार घालून वाल तुंबलेला नाही याची खात्री करा. नट सैल करताना आणि कडी काढताना आत हवा नकोच. कडी आणि खाच वायर ब्रशनं घासून घ्या. गंजाची खपली खाचेत राहिली तर कडी वर बसल्यासारखी दिसते, खाली गेलेली नसते. वाकलेली, भेगाळलेली किंवा सैल झालेली कडी ठोकून वापरू नका. एका बनावटीच्या रिमची कडी दुसऱ्या बनावटीच्या रिमला लावू नका. हाताला सारखी लागते, खाचेचा उतार वेगळा असतो. जुनी डिस्क विकत घेताना कडीसकट घ्या, आणि कडी त्याच रिमची आहे का हे बसवून बघूनच पैसे द्या.

हवा भरताना आधी १०-१५ पीएसआयपर्यंत भरा, थांबा, कडी सगळीकडून खाली बसली का बघा. कुठं उचललेली दिसली तर हवा पूर्ण सोडून पुन्हा बसवा. हवा असताना हातोडा मारायचा नाही. ही एवढी गोष्ट रस्त्यावर सगळ्यात जास्त मोडली जाते. हवा भरायचा लोखंडी पिंजरा असेल तर चाक पिंजऱ्यात ठेवा. नसेल तर जाड साखळी रिमच्या भोकांतून आणि टायरभोवती तीन-चार ठिकाणी गुंडाळा, कडी भिंतीकडे किंवा जमिनीकडे करा, वालला पकडून राहणारी क्लिप लावा आणि लांब नळीनं बाजूला उभं राहून भरा. टायरवर बसून किंवा पाय ठेवून हवा भरणाऱ्या पोराला तिथंच थांबवा.

ट्यूब, फ्लॅप आणि चढवणं

नव्या टायरला नवी ट्यूब आणि नवा फ्लॅप. जुनी ट्यूब वापरात ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरच्या पोटात ती मावत नाही, घडी पडते आणि त्या घडीवर ती कापली जाते. फ्लॅप म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामधला रबरी पट्टा. त्याची कड फाटलेली असेल तर ट्यूब कडीच्या फटीत शिरते. ट्यूब मापाचीच घ्या आणि वालची लांबी व वाक जुन्याशी ताडून बघा. आखूड वाल डिस्कच्या भोकातून बाहेर येत नाही आणि हवा तपासणं बंद पडतं.

चढवण्याआधी टायरच्या आत हात फिरवा. कागदी लेबल आत राहिलं तरी ते ट्यूबला घासतं. ट्यूब आणि टायरच्या आत शंखजिऱ्याची पावडर पातळ भुरभुरवा, गोळा होऊ देऊ नका. टायरच्या काठाला साबणाचं पाणी लावा. ऑइल, डिझेल किंवा ग्रीस नको. त्यानं रबर फुगतं आणि काठ रिमवर फिरतो. हवा भरून झाली की एकदा पूर्ण सोडा आणि परत भरा. पहिल्या वेळी ट्यूबला पडलेल्या सुरकुत्या दुसऱ्या वेळी उलगडतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईत हेच वगळलं जातं आणि आठवड्यात "नवी ट्यूब पंक्चर" म्हणून चाक परत येतं.

जुना किंवा रिमोल्ड टायर घ्यायचा तर

सगळ्यांना चारही टायर नवे परवडत नाहीत, हे खरंच आहे. ट्रकवरून उतरलेला किंवा वर नवं रबर चढवलेला टायर ट्रॉलीच्या कमी वेगात चालू शकतो, अट एवढीच की सांगाडा चांगला असावा. सांगाडा आतून दिसतो. टायर उभा करा, आत बॅटरीचा प्रकाश पाडा आणि कुशीच्या आतल्या बाजूवर बोटं फिरवा. रबर गुळगुळीत आणि चकचकीत हवं. काळी भुकटी हाताला लागली, दोरे दिसले किंवा गोल फिरणारी सुरकुतलेली पट्टी दिसली तर तो टायर कमी हवेवर चालवलेला आहे. असा रेडियल तर हातही लावू नका. त्याच्या कुशीतल्या पोलादी तारा आतून तुटलेल्या असतात आणि हवा भरताना कुशी चेन उघडावी तशी फाटते. आत मोठा ठिगळ असलेला, काठाची तार उघडी पडलेला किंवा तारखेचे आकडे घासून काढलेला टायरही परत करा. एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर उंचीनं सारखे हवेत. एक नवा आणि एक झिजलेला लावला तर उंच टायर जास्त भार घेतो, म्हणजे पैसे घालून घेतलेलाच आधी जातो. नक्षीची खोली १.६ मिमीच्या खाली गेली की कायद्यानंही तो टायर रस्त्यावर चालत नाही.

नव्या टायरचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या. त्याशिवाय वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, इतर बहुतेक नव्या टायरवर तो १८ टक्के आहे. तुमचा टायर दुकानदारानं कोणत्या गटात लावला ते बिलावरच्या कोडवरून विचारा.

स्टेपनी घेताना दोन्ही ट्रॉल्यांचे हब मोजा. एक ट्रॉली एका वर्कशॉपची आणि दुसरी दुसऱ्याची असेल तर पीसीडी वेगळा निघू शकतो. मग एक स्टेपनी दोघींना चालत नाही, आणि हे कळतं ते रात्री रस्त्यावर. दोन स्टेपन्या घ्या, किंवा पुढच्या दुरुस्तीत एका ट्रॉलीचे हब बदलून दोन्ही सारख्या करा. दुसरा उपाय एकदाच महाग पडतो.

नट आवळणं

चाक उतरलेलं आहे तोवर हब दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग आवळा किंवा बदला, ग्रीस भरा. मग हबचा आणि डिस्कचा टेकणारा पृष्ठभाग घासून लख्ख करा. नव्या डिस्कवरही तिथला रंग काढायचा. रंगाचा थर भाराखाली चिरडतो आणि नट तेवढे ढिले होतात. चाक उचललेलं असताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा, एका शेजारी एक नाही. पूर्ण ताकद चाक जमिनीला टेकवल्यावर. पान्याला एक मीटरचा पाइप लावून टोकावर ५० किलो जोर दिला तर साधारण ४९० न्यूटन-मीटर होतात. तुमच्या बोल्टला किती हवं ते हबच्या बनावटीवरून विचारून घ्या, कारण बारीक बोल्ट एवढ्या जोरानं ताणला जातो. काही जुन्या ट्रकच्या हबला डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. नट सुटत नाही म्हणून पाइप वाढवण्याआधी बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलंय का ते बघा.

नवं चाक बसवल्यावर ते उचलून हातानं फिरवा, रिमच्या कडेजवळ विटेवर काडी टेकवून. काडी आणि कड यांतलं अंतर फेऱ्यात दोन-तीन मिमीहून जास्त बदललं तर डिस्क वाकडी आहे किंवा नट तिरके बसलेत. सगळं ठीक असलं तरी पहिल्या भरलेल्या खेपेनंतर, म्हणजे साधारण ४०-५० किलोमीटरला, सगळे नट परत आवळायचे. त्यानंतर प्रत्येक नटापासून डिस्कवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. ऊस खाली होईपर्यंत गव्हाणीपाशी ट्रॉली उभी असते, तेव्हा एक फेरी मारली की तुटलेली रेघ लांबूनच दिसते. त्याच फेरीत टायरच्या खांद्यात घुसलेले उसाचे बुडखे आणि खडे टोच्यानं काढून टाका.

हंगाम संपला की ट्रॉली सहा महिने उभी राहते. टायर ज्या जागी टेकलेला असतो तिथं चपटा होतो आणि कुशीला ऊन लागतं. हौदा रिकामा करा, ॲक्सलखाली लाकडी ओंडके देऊन चाकं जमिनीपासून दोन बोटं उचला आणि टायरवर गोणपाट टाका. जागा नसेल तर निदान पंधरा दिवसांनी ट्रॉली हातभर पुढे-मागे करा आणि हवा पूर्ण ठेवा.